भांडाराचा माचा

"समुद्र आत आला तरी आपल्या तांदळाचा एक दाणा भिजायचा नाही!" लालबागच्या ग्राहक भांडाराचे चेअरमन तात्या माइकवर गरजले. तेव्हा तांदळाची सगळी पोती खाली जमिनीवर होती आणि पोत्यांच्या जागेवर तात्या उभे होते.

त्याचं असं झालं. गिरण्यांचा संप लांबला, वाण्याने भाव चढवला. तशी चाळीतल्या बायकांनी घरातली पितळी भांडी मोडायला दिली आणि भांडारातर्फे थेट गावाकडून टेम्पोभर तांदूळ आणवला. रखमाने लग्नातला हंडा दिला. आता गणपतीपर्यंत त्याच तांदळावर घर चालायचं होतं. भरती आणि पाऊस एकत्र आले की भांडारात गुडघाभर पाणी; म्हणून कमरेइतका उंच फळ्यांचा माचा बांधायचा, हे डोकंही तिचंच. माचा झाला, पोती चढली. मग तात्यांना उद्घाटनाची हुक्की आली.

उद्घाटन म्हणजे पाहुणे, पाहुणे म्हणजे स्टेज, आणि भांडारात स्टेजसारखं एकच काय ते होतं. पोती खाली आली, खुर्च्या वर गेल्या.

"तात्या, बाहेर बघा जरा. भरतीची वेळ झाली," रखमा म्हणाली.

"अगं, पाहुणे साहेब दोन शब्द बोलतायत. पाण्याला कसली घाई?"

साहेबांचे दोन शब्द 'संकटाला सहकाराचं उत्तर' यावर होते. ते पहिल्याच संकटावर होते, तेवढ्यात दारातून पाणी आलं. नुसतं पाणी असतं तर ठीक. काळं, तेलकट, त्यात मासळीबाजाराची खवलं, सार्वजनिक संडासातला ऐवज आणि एक मेलेली घूस. घूस पहिल्या पोत्याला टेकली आणि तिथेच राहिली, भांडाराचा शेअर घेतल्यासारखी.

"उतरा हो! पोती वर घेऊ द्या!" रखमा ओरडली.

"असल्या घाणीत साहेब उतरणार? मॅनर्स आहेत की नाही? आधी सत्कार होऊ दे."

सत्काराला तात्यांनी शालीखालून चकचकीत हंडा काढला. काठावर कोरलेलं होतं : सौ. रखमा गुणाजी.

रखमाच्या तोंडात थुंकी जमली. "माझा हंडा मोडला म्हणालात ना?"

"बाकीच्यांची भांडी मोडली गो. तुझा एकदम देखणा. मान आहे तुझा हा!"

"महिलांचा त्याग," साहेब नाकावरचा रुमाल न काढता म्हणाले. टाळ्या फक्त माच्यावर वाजल्या. खाली सगळ्यांचे हात पोत्यांना होते, आणि पोत्यांतून चहासारखं पाणी गळत होतं.

शेवटी साहेबांना पाठुंगळी घेऊन गाडीपर्यंत न्यायला तात्यांनी रखमाच्याच नवऱ्याला हाक मारली.

"मी काय हमाल आहे?" गुणाजी भडकला.

"घेऊन जा रे बाबा त्याला," रखमा म्हणाली. "तेवढी दोन पोत्यांची जागा तरी होईल."

गुणाजीचा पाय घुशीवर पडला. साहेब पाण्यात बसले. हंडा त्यांच्या हातून सुटला, तरंगत दाराबाहेर गेला आणि पाणी उतरावं म्हणून तात्यांनी उघडून ठेवलेल्या गटाराच्या तोंडात घट्ट बसला.

संध्याकाळी पाणी माच्यावर चढलं.