खालच्या ओळीतले नाव

मित्रांनो, मी एक जुने छपाईयंत्र आहे. छापखान्यातले लोक मला ट्रेडल म्हणत. मला वीज लागत नाही, पाय लागतो. खालची लोखंडी पट्टी पायाने दाबली की बाजूचे मोठे चाक फिरते, शाईचे रूळ वर-खाली धावतात आणि माझा जबडा उघडतो, मिटतो. उघडला की कोरा कागद ठेवायचा, मिटून पुन्हा उघडला की छापलेला काढून घ्यायचा. बोटे वेळेवर बाहेर काढली नाहीत तर काय होते, ते विचारू नका. हल्ली मी एका तंत्रशाळेच्या दालनात चौथऱ्यावर उभे आहे. शेजारच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत माझी माहिती लावली आहे. ती माहिती वाचून मी स्वतःच बुचकळ्यात पडते. म्हणून म्हटले, तुम्हाला सगळे पहिल्यापासून सांगावे. तुम्हाला काही उलगडा झाला तर पाहा.

हा गोंधळ माझ्या जन्मापासूनचा आहे. माझ्या पोटावर ठसठशीत अक्षरांत एका माणसाचे नाव आहे. तो माझ्या कारखान्याचा मालक. तो मला एकदाही भेटला नाही. माझा साचा ज्याने भरला त्याच्या भुवया भट्टीच्या आचेने अर्ध्या जळलेल्या होत्या. माझ्या कडा जिने कानशीने घासल्या ती घासता घासता कारखान्यातल्या सगळ्यांच्या नकला करी आणि आसपासचे लोक पोट धरून हसत. त्या दोघांची नावे माझ्या अंगावर कुठेच नाहीत. तेव्हा मी समजले, ज्याने हात लावला नसेल त्याचे नाव लिहायचे, अशी इथली रीत असावी. छापखान्यात आले तर तिथले गणित आणखी निराळे निघाले.

छापखाना म्हणजे एकच खोली. पुढे रस्त्याकडची खिडकी, मागे स्वयंपाकघराचे दार. मालक तरुण होते, उंच होते आणि पाय असे की दिवसभर मला दाबत राहिले तरी दमत नसत. त्यांच्या बायकोला गिऱ्हाइके वहिनी म्हणत. अक्षरांचे खिळे एकेक वेचून ओळी जुळवणारा माणूस एके दिवशी काम सोडून गेला, तेव्हा वहिनी म्हणाल्या, "दुसरा मिळेपर्यंत दोन दिवस मी बसते." त्या बसल्या त्या अडतीस वर्षे. दुसरा माणूस शोधायचे मालक बहुधा विसरून गेले.

वहिनींच्या समोर लाकडी केस असे, तिच्यात शंभरावर छोटी घरे आणि प्रत्येक घरात एकेका अक्षराचे खिळे. त्यांची बोटे न बघता हव्या त्या घरात जात. मजकूर जुळवायचा, दोऱ्याने बांधायचा, लोखंडी चौकटीत आवळून माझ्या छातीवर चढवायचा, हे सगळे त्यांचे. पुढचे पाय मारणे आणि कागद देणे मालकांचे.

प्रत्येक कामाच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ छापावी लागे. आधी 'मुद्रक' हा शब्द, पुढे मालकांचे नाव आणि दोन्ही टोकांना नक्षीचे एकेक फूल. ही ओळ रोज नव्याने कोण जुळवणार? म्हणून ती एकदाच जुळवून, बांधून, पत्र्याच्या डबीत ठेवलेली होती. मजकूर पुरा झाला की वहिनी डबी उघडत, ओळ तळाशी बसवत, आणि काम संपले की पुसून पुन्हा डबीत ठेवत.

गिऱ्हाइकांत एक वकील होते. ते एकदा छापलेली वीस पाने चाळून म्हणाले, "मालक, एक चूक सापडेल तर शपथ! काय हात आहे तुमचा!"

"छे हो," मालक म्हणाले, "यंत्रच चांगलं आहे."

मला मूठभर मांस चढले. तेवढ्यात केसमागून आवाज आला, "यंत्राचं झालं. आता शाईचं कौतुक करा, मग दोऱ्याचं करा. मी आहे रांगेत उभी."

"अगं, लागेल की तुझा नंबर. घाई काय आहे?"

वकील हसले, मालक हसले, वहिनीही हसल्या. मग मीही ते गंमत म्हणूनच घेतले.

पुढे एकदा एका व्याख्यानाच्या पत्रकात गुरुवारऐवजी मंगळवार छापला गेला. माणसे दोन दिवस आधीच येऊन कुलूप लावलेल्या सभागृहासमोर ताटकळली. संयोजक तणतणत आले, तेव्हा मालक पटकन म्हणाले, "जुळणीत चुकलं."

वहिनी कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "वा! बरोबर आलं की मुद्रक, चुकलं की जुळणी. आणि पाचशे वेळा कागद तुमच्या डोळ्यांखालून गेला त्याचं काय?"

"माझं लक्ष बोटांवर असतं. बोटं गेली तर तू घालशील का जेवायला?"

"रोज कोण घालतं?"

हे ऐकून संयोजक आपण कशासाठी आलो होतो तेच विसरून गेले. मला मात्र प्रश्न पडला. मंगळवार वहिनींनी जुळवला हे खरे. मालकांनी तो पाचशे वेळा पाहिला नाही हेही खरे. आणि उमटवला मी. मग चूक कोणाची म्हणायची?

त्या खालच्या ओळीवरून तर दर आठवड्याला जुंपे.

"या ओळीत माझंही नाव घाला की."

"जागा कुठे आहे? ओळ काठोकाठ भरली आहे."

"ती दोन फुलं काढा."

"फुलं काढली तर माझं नाव उघडं पडेल ना!"

पुन्हा दोघे हसत. पण एकदा मी पाहिले, हसून झाल्यावर वहिनी ती ओळ पुसत होत्या आणि शाई कधीच निघून गेली होती तरी पुसतच होत्या. मला त्याचा अर्थ लागला नाही.

सव्वीस वर्षांनी मालकांचा उजवा गुडघा गेला. डॉक्टरांनी सांगितले, आता ट्रेडल बंद. वहिनींनी माझ्यासमोर एक फळी टाकली, कारण त्यांची उंची पुरत नव्हती, आणि त्या फळीवर उभे राहून पाय मारायला सुरुवात केली. मालकांचा पाय जड आणि संथ होता. वहिनींचा हलका होता, पण शेवटी एक झटका देई. पहिले काही दिवस मी अडखळले, मग तो झटका अंगवळणी पडला. जुळणी त्यांची, छपाई त्यांची. मालक खुर्चीत बसून कागदांच्या कडा सारख्या करत. हे असे बारा वर्षे चालले. डबीतली ओळ तीच राहिली.

याच दिवसांत वकील पुन्हा आले. "मालक, या वयातही छपाई तशीच! कमाल आहे तुमची." मालकांनी काहीतरी सांगायला तोंड उघडले. मग म्हणाले, "चाललंय आपलं." मी केसकडे कान लावून वाट पाहिली. वहिनी त्या दिवशी काहीच बोलल्या नाहीत. खरे तर रांगेची थट्टा त्यांनी त्यानंतर कधीच केली नाही.

पुढे कामे येईनाशी झाली. माझ्यावर चादर पडली. माझ्या शाईच्या थाळीवर कोणीतरी फुलझाडाची कुंडी ठेवली आणि तिचे पाणी झिरपून माझा एक सांधा गंजला. दोन वर्षे मी तशीच मुकाट काढली. मग एक दिवस तंत्रशाळेच्या प्राचार्यबाई मला मागायला आल्या. मुलांना जुनी यंत्रे दाखवायची होती. त्या म्हणाल्या, "शेजारी माहिती लावू. यंत्र कोणी चालवलं म्हणून लिहू?"

मालक म्हणाले, "हिने. फक्त हिचं नाव घाला."

मला वाटले, आता वहिनींना आनंद होणार. त्या तर भडकल्याच. "फक्त माझं? मग तुमचा गुडघा काय खुर्चीत बसून झिजला?"

"मी नुसता पाय मारत होतो गं."

"आणि मी नुसते खिळे वेचत होते. मग छापलं कोणी, भुताने?"

"अगं, इतकी वर्षं तूच मागत होतीस ना?"

"मी माझं मागत होते. तुमचं पुसून नव्हे."

मित्रांनो, माझे चाक जागच्या जागी गरगरले असते. आजवर दोघे श्रेय आपल्याकडे ओढत होते, आता दोघे ते एकमेकांकडे ढकलू लागले. प्राचार्यबाईंचा चहा निवला. शेवटी त्या म्हणाल्या, "तुम्ही दोघं मिळून लिहा आणि तुम्हीच छापून द्या."

मजकूर मालकांनी लिहिला. सव्वीस वर्षे छपाई कोणी केली, अडतीस वर्षे जुळणी कोणी केली, आणि शेवटची बारा वर्षे जुळणी व छपाई दोन्ही कोणी केली, सगळे नावानिशी. वहिनींनी तो वाचला, दोनदा वाचला आणि केसपुढे बसल्या. अकरा ओळी त्यांनी तासाभरात जुळवल्या. माझा गंजलेला सांधा तेल घालून मोकळा केला. वहिनी फळीवर उभ्या राहिल्या, मालकांनी कागद दिला, मी जबडा मिटला. पहिलीच प्रत स्वच्छ आली. मालकांनी ती लगेच पाठीमागे पुठ्ठा लावून काचेत बसवायला पाठवली.

मी शाळेत आल्यावर छोटासा कार्यक्रम झाला. प्राचार्यबाईंनी चौकटीवरचे कापड बाजूला केले आणि मजकूर मोठ्याने वाचला. वहिनींचे नाव आले तेव्हा टाळ्या झाल्या. बाई वाचता वाचता तळाशी आल्या. "मुद्रक," त्यांनी वाचले, आणि पुढे एकट्या मालकांचे नाव. दोन्ही बाजूंना फुले होती.

वहिनींनी सवयीने डबी उघडली होती, सवयीने ओळ बसवली होती. मालकांनी कागद देताना सवयीने बोटांकडे पाहिले होते. आणि मी सवयीने छापले होते. वहिनींनी आपल्या दोन्ही हातांकडे पाहिले. "माझंच काम हे," त्या म्हणाल्या आणि हसू लागल्या. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. मला फार, फार वाईट वाटले.

"दुसरा छापून लावू," प्राचार्यबाई म्हणाल्या.

"राहू दे," वहिनी म्हणाल्या. "हातांना जे पाठ झालं होतं ते आलं." त्या घरी गेल्या आणि पुढचे काही दिवस शाळेत आल्या नाहीत.

मालक मात्र दुसऱ्या दिवसापासून रोज दुपारी येऊ लागले. खिळ्यांची एक केस माझ्याबरोबर शाळेत आली होती. तिच्यापुढे बसून, भिंग घेऊन, ते एकेक खिळा शोधत. जन्मात त्यांनी एक ओळ जुळवली नव्हती. त्यांना लावायचे होते 'मुद्रक' आणि पुढे वहिनींचे पूर्ण नाव. इतक्याशा ओळीला त्यांना आठ दिवस लागले. नवव्या दिवशी त्यांनी ती माझ्यावर चढवली आणि पाय चालत नाही म्हणून माझे चाक दोन्ही हातांनी फिरवले. कागदाची पट्टी बाहेर आली. मालक ती बघतच राहिले.

त्याचे असे, खिळे ओळीत उलटे, डोके खाली करून लावायचे असतात. मालकांनी ते सरळ उभे केले होते. त्यामुळे शेवटचे अक्षर आधी आणि पहिले शेवटी उमटले होते, काना अक्षराच्या अलीकडे येऊन बसला होता. प्राचार्यबाईंनी चष्मा काढून पाहिले, घालून पाहिले, काही अर्थ लागेना. नेमक्या त्याच वेळी वहिनी दारात आल्या. नवरा रोज दुपारी जातो कुठे, हे पाहायला आल्या होत्या. त्यांनी पट्टी हातात घेतली आणि एका दमात घडाघडा वाचली. अशा उलट्यासुलट्या ओळी वाचण्यातच त्यांचा जन्म गेला होता.

"अहो, खिळे डोक्यावर उभे करतात. अडतीस वर्षं तुमच्यासमोरच करत होते ना मी?"

"पाहिलं कुठे," मालक म्हणाले.

त्यांनी पट्टीसाठी हात पुढे केला. मग मालक म्हणाले, "दे इकडे, पुन्हा करतो."

"नको," वहिनी म्हणाल्या. "हीच लावा."

म्हणून ती पट्टी आता काचेवर, तळाच्या ओळीखाली डकवलेली आहे. मी अजून गोंधळातच आहे. जे नाव कोणाला वाचता येत नाही, त्याने श्रेय मिळाले म्हणायचे की नाही? एवढे मात्र दिसते, की वरचा मजकूर मुले भराभर वाचून पुढे जातात आणि त्या पट्टीपाशी हमखास अडतात. मालक आता माझ्या शेजारी स्टुलावर बसलेले असतात. मुले त्यांना विचारतात आणि त्यांना सांगावेच लागते.

मित्रांनो, माझ्या सांध्यांना महिन्यातून एकदा तेल घाला, माझ्यावर कुंडी ठेवू नका, आणि एखाद्या वस्तूवर एकच नाव दिसले तर तिथे आणखी कोणाचे हात लागले होते, ते विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

काल एका मुलीने पट्टीवर बोट ठेवून विचारले, "आजोबा, हे काय लिहिलंय?" मालकांनी वहिनींचे नाव सांगितले. मग दोन दिवसांसाठी बसलेली बाई, केस, दोरा, मंगळवारची फजिती, सगळे सांगितले. गुडघा गेल्याचे सांगितले, वकील दुसऱ्यांदा आले होते तेही सांगितले, आणि तिथे ते थांबले. वहिनी मागे बाकावर बसल्या होत्या.

"थांबलात का?" त्या म्हणाल्या. "पुढे सांगा. ऐकतेय मी."