लोक उठून जातात तो प्रवेश

मी दहावी नापास आहे हे मी प्रत्येक व्यासपीठावर सांगतो, आणि सांगताना छाती जरा पुढे काढतो. समोरच्या प्राध्यापकांना कळावं, की तुम्ही पगार घेऊन जे वाचत नाही ते मी गवंड्याच्या हाताखाली विटा वाहता वाहता वाचलं. मी झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या नाटक कंपन्यांसाठी नाटकं लिहितो. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, घरोघरी पाव्हणे येतात आणि मंडपात नाटक लागतं. त्यातलं एखादं माझं असतं. उरलेलं वर्ष मी पेपरात पत्रं पाठवून कोणा ना कोणाला झोडत असतो.

तालुक्याच्या कॉलेजात दरवर्षी पोरांच्या संशोधनाचं आणि कलाकृतींचं प्रदर्शन भरतं. यंदा साहित्य-कला विभागाचा परीक्षक म्हणून मराठीच्या नूतन मॅडमनी मला बोलावलं. विभागातून एकच विद्यार्थी विद्यापीठाच्या फेरीला जाणार होता, आणि तो कोण हे मी एकट्यानं ठरवायचं होतं. म्हणजे कोणाचा तरी भाचा असणार, चिठ्ठी येणार, कोपऱ्यात घेऊन कोणी तरी खांद्यावर हात टाकणार. मी नकार कसा द्यायचा ते वाक्यसुद्धा पाठ करून गेलो होतो. चांगलं वाक्य होतं. छापण्यासारखं.

उद्घाटनाला दोन शब्द बोला म्हणाले. मी पुष्कळ बोललो. इंटरनेटवरून उतरवलेल्या प्रकल्पांचा समाचार घेतला, प्राध्यापकांचा घेतला, जाता जाता सरकारचाही घेतला. शेवटी गरजलो, "जो कोणी इथलं खरं सांगल, मग ते ऐकून भल्याभल्यांच्या बुडाला आग लागो, पहिला नंबर त्याचा." टाळ्या पडल्या. माझ्या बुडाखाली त्या वेळी गादीची खुर्ची होती.

दालनात पहिलाच स्टॉल प्रणित नावाच्या मुलाचा. त्यानं मार्कंड्याचं देऊळ थर्माकोलचं केलं होतं, आत बारीक दिवे सोडले होते. देखणं काम. मजकूर वाचला तर शेवटच्या ओळीत विकिपीडियाचं 'हा लेख अपूर्ण आहे, आपण तो वाढवण्यास मदत करू शकता' असंही छापलेलं. मी आनंदलो. सापडला भाचा.

नूतन मॅडमना बाजूला घेऊन विचारलं, "हा कोणाचा?"

"कोण, प्रणित? बी.ए. दुसऱ्या वर्षाचा."

"तसं नाही. याच्यासाठी दबाव कोणाचा हाये? मोकळेपणानं सांगा."

"कायचा दबाव, अश्वजितभाऊ?" त्या खरंच गोंधळल्या. "कोणी काही म्हटलं का तुमाले? चहा घेता?"

मी चहा घेतला. जरा निराशच झालो. एवढं पाठ केलेलं वाक्य वाया जाणार असं दिसत होतं.

शेवटच्या टेबलाजवळ नाजिया उभी होती. गफ्फारभाईची पोरगी. मंडप-डेकोरेशनवाले गफ्फारभाई, आमच्या निम्म्या नाटकांचे मंडप त्यांचेच. मागं थर्माकोल नाही, दिवे नाहीत, एकच पांढरा कागद आणि त्यावर वर-खाली जाणाऱ्या रेघा. मथळा होता, 'झाडीपट्टी नाटकात प्रेक्षक केव्हा उठून जातात'.

मी मनात म्हटलं, हिचा पहिला नंबर. एका नजरेत ठरवलं. माणसानं आपल्या पायाखालचं पाहावं ते असं.

"सर, अब्बाचा मंडप असला का मी गेटजवळ बसून राह्यते," ती सांगू लागली. "प्रवेश चालू असताना किती लोकं उठून बाहेर जाते थे लिहून घेते. एकेक नाटक वेगवेगळ्या गावात पाह्यलं. ही रेघ वर हाये तिथी लोकं बसून हाये. खाली गेली तिथी उठून राह्यले."

"वा. आणि हा एवढा मोठा खड्डा कायचा? इथी तर मंडपच रिकामा झाला."

तिनं कागदाच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथं बारीक अक्षरात नाटकाचं नाव होतं. 'खुर्चीनं गिळला गाव'. लेखक मी.

"नायकाचं भाषण हाये सर थे. लांबवालं."

ते भाषण म्हणजे माझ्या नाटकाचा जीव. लोकांच्या काळजाला हात घालणारं, सत्ताधाऱ्यांना घाम फोडणारं, असं मी स्वतः दोन-तीन मुलाखतींत सांगितलेलं आहे.

"मंडईचा दिवस असंल," मी म्हटलं. "घरी पाव्हणे असते. त्यायले पाहाले जाते लोकं."

"मंडई नव्हती तिथीही गेले सर."

"थंडी असंल."

"दुसऱ्या नाटकात त्याच टायमाले बसून होते. थेही मांडलं हाये, हे पाहा ना."

"नट खराब असंल."

"नट बदलला होता सर चामोर्शीच्या प्रयोगाले. खड्डा तसाच राह्यला." मग जरा अडखळून, जणू माझीच बाजू सावरायला, ती म्हणाली, "कंपनीवाले सांगत होते, हिरोईनचं काम करणाऱ्या रंभाबाईले साडी बदलाले वेळ पाह्यजे म्हणून भाषण लांबवून मागितलं. म्हणून असंल."

हे मात्र खरं होतं. मालकानं फोन केला होता, रंभाबाईची साडी बदलून होत नाही, भाषण जरा ताणा. मी ताणलं. ताणता ताणता ते समाजासाठी ताणतोय असं मला वाटू लागलं, आणि तेच पुढं मुलाखतींत आलं.

इथं शहाण्या माणसानं पुढच्या टेबलाकडं वळायचं असतं. पुढं टेबल नव्हतं. मी म्हटलं, "ते म्हणायची एक रीत असते. नटांना येत नाही. थांब, दाखवतो." आणि भर दालनात, हात वर करून, मी भाषण सुरू केलं.

सुरुवातीला लोक जमले, हे कबूल केलं पाहिजे. पोरं आली, दोन प्राध्यापक आले, शिपाई मुखरूभाऊ ट्रे घेऊन उभे राहिले. मी डोळे मिटले. माझा आवाज चांगला आहे. गाव, खुर्ची, रक्त, घाम सगळं आलं. डोळे उघडले तेव्हा समोर नाजिया होती आणि मुखरूभाऊ होते. मुखरूभाऊंना माझा कप हवा होता.

"जेवण लागलं वाटते," मी म्हटलं.

"जेवण अजून लागलं नाई सर," नाजिया म्हणाली. कसलीही खोडी नव्हती तिच्या बोलण्यात. पेनाचं टोपण उघडं होतं फक्त.

मी गुणपत्रक घेऊन स्टाफरूमच्या कोपऱ्यात बसलो. प्रणितला पहिला नंबर दिला. दुसऱ्या जागी नाजियाचं नाव लिहिलं. इतकं सोपं असतं ते. कोणी चिठ्ठी आणली नाही, कोणी खांद्यावर हात टाकला नाही. अख्ख्या कॉलेजात त्या दिवशी लबाडी करायला एकच माणूस तयार होता, आणि त्याला त्यांनी शाल घालून, गाडी पाठवून बोलावलं होतं.

नूतन मॅडमनी कागद पाहिला. चेहरा हलला नाही.

"भाऊ, शेरा राह्यला. पहिला नंबर काऊन दिला आन दुसऱ्याले काऊन नाई, दोन ओळी लिहा लागते. मुलायले वाचून दाखवतो आमी."

दोन ओळी. आमदारावर मी चार-चार रकाने लिहिलेत. मी लिहिलं, 'विषय किरकोळ आहे.' खोडलं, विषय माझाच होता. मग लिहिलं, 'निरीक्षणात पुरावा कमी.' पुरावा थोड्या वेळापूर्वी मी स्वतः उभा राहून पुरवला होता. प्रणितसाठी 'अभ्यासपूर्ण मांडणी' लिहायला घेतलं, तर तो अपूर्ण लेख आठवला आणि शाई तिथंच साचली.

"लिहून राह्यले ना?" मॅडमनी विचारलं.

"विचार करून राह्यलो."

"करा, करा. तिच्या अब्बानं सांगितलं हाये म्हणे, फेरीले गेली तर नागपूरपर्यंत मी सोबत येतो. मंडपाची बुकिंग सोडून. म्हणून विचारते पोरगी सकाळपासून, निकाल कधी." एवढं सांगून त्या वह्या तपासू लागल्या. हा दबाव म्हणायचा की नाही, मला ठरवता येईना. माझं पाठ केलेलं वाक्य इथं लागू पडत नव्हतं.

शेवटी नवा कागद मागितला. नाजिया पहिली. शेऱ्यात लिहिलं, 'स्वतः पाहून लिहिलं आहे. ज्याच्याविषयी लिहिलं त्याच्या तोंडावर सांगितलं आहे.' त्यागाबिगाचा काही झटका आला नव्हता, हे स्पष्ट सांगतो. सादरीकरणाचा एक गुण मी तरीही कापला. कापता आला म्हणून कापला.

निकाल लागला. नाजिया आधी अब्बाला फोन करून आली आणि मग माझ्याकडं. मी गाडीची वाट पाहत पायरीवर उभा होतो. वाटलं, आभार मानेल. ती म्हणाली, "सर, फेरीच्या आधी आरमोरीले तुमचं नाटक हाये. भाषण बदलणार हाये का? बदललं तर मले पुन्हा बसा लागन."

"एक अक्षर बदलणार नाही," मी म्हटलं.

"बरं सर." ती निघाली.

"इकडं ये. नेमकं कोणत्या वाक्यापासून उठते लोकं?"

"'आणि म्हणून बंधूंनो' म्हटलं का उठते."

"आणि त्याच्या आधीचं?"

"आधीचं ऐकते सर. एका बाईचं लेकरू रडत होतं. तिनं त्याले छातीशी धरलं अन् बोलून राह्यली होती त्या बाजूचीले म्हणाली, चूप बस वो, ऐकू दे."

"कोणत्या गावाले?"

तिनं गाव सांगितलं. गाडी आली, ड्रायव्हरनं हॉर्न दिला. मी हातानंच त्याला थांब म्हटलं.

"काय म्हणाली ती बाई? पुन्हा सांग."