बिनपाल्याचं तेरेरे

इटाउग्वाच्या बाजारात बासिलियाबाईंच्या औषधी पाल्याशिवाय कुणाचं तेरेरे, म्हणजे येर्बाच्या पानांचं गार पेय, गळ्याखाली उतरत नसे. पोट बिघडलं, झोप उडाली, नवरा घुम्यासारखा बसला, की बाई काहीतरी ठेचून गार पाण्यात टाकणार. मग घरची सून कशी सुटेल? निमियाचे दोन गर्भ अर्ध्यावरच गेले होते. तिसऱ्यांदा दिवस राहिले तशी बाईंनी कंबर कसली. अंगाची झुंजायची शक्ती वाढवणाऱ्या मुळ्या रोज सकाळी शिंगाच्या पेल्यात हजर.

"आई, फार कडू आहे हो."

"औषध आहे, सरबत नव्हे. गुमान पी."

दवाखान्यात डॉक्टर ओवेलारबाईंनी निमियाच्या रक्ताचा रिपोर्ट पाहिला. "आजी, हिची शक्ती कमी नाही, वाट चुकलीय. अंगाचे राखणदारच भलतीकडे धावतात. वारेतल्या नसांत रक्ताच्या गुठळ्या होतात, बाळाला काही पोचत नाही. आता रोज पोटात सुई, रक्त पातळ ठेवायला."

"आमच्या सुलतान कुत्र्यासारखं. मेला चोर सोडून पाहुण्यांना चावतो."

"तसंच. आणि तुम्ही त्याला मटण चारताय. पाला बंद."

बाईंचा चेहरा उतरला. "आधीची दोन माझ्यामुळे गेली?"

"नाही, आजी. खरंच नाही."

तरी घरी येईस्तोवर बाई बसमध्ये बोटांवर मागचे महिने मोजत राहिल्या. निमियाला ते सोसवेना. तिने सासूचा हात धरून ठेवला.

दुसऱ्या दिवशी खल वाजला नाही. पेल्यात नुसती येर्बा आणि पाणी.

"आज काहीच नाही घातलंत?"

"बर्फ घातलाय की."

सुई बघूनच निमियाचा नवरा देर्लिस पांढरा पडायचा. मुलाचा काही उपयोग नाही म्हटल्यावर बाई स्वतःच टोचायला शिकल्या. आधी प्रत्येक सुईला देवाचं नाव घ्यायच्या, पुढे दोघी गप्पा मारत उरकायच्या.

मुलगी झाली. अंगाने बारीक, पण आवाज आजीचा. बाईंना आभाळ ठेंगणं झालं.

बाजारात शेजारची सेल्सा भाचीला घेऊन आली. भाचीचंही एकदा अर्ध्यावर गेलं होतं, आता पुन्हा दिवस होते.

"सुनेला काय पाजलंत? तोच पाला द्या हिला."

बाईंनी समोरच्या हिरव्या ढिगांकडे पाहिलं. आयुष्यात गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत गेलं नव्हतं.

"साधं पाणी पाजलं," त्या म्हणाल्या आणि पाल्यावर ओलं फडकं टाकून उठल्या. "चल गं पोरी, डॉक्टरीणबाई बारापर्यंत असतात. मी येते बरोबर."