दादाची ती तीन वर्षं

प्रयोगशाळेत मला सगळे मोजणीमास्तर म्हणायचे. चाळीस वर्षं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून मी लोकांच्या पेशी मोजल्या. थोरल्या भावाच्या, दादाच्याही मीच मोजल्या. अस्थिमज्जेतल्या शंभरांत बावीस बिघडलेल्या. कॅन्सर नव्हता, त्याच्या आधीची पायरी होती. तेव्हाचे डॉक्टर म्हणाले, "त्रास नाही ना? मग थांबू. दर तीन महिन्यांनी रक्त तपासू."

त्या थांबण्यात आम्हाला तीन वर्षं मिळाली. काय दिवस होते! तपासणी झाली की दादा, वहिनी आणि मी समोरच्या हॉटेलात चहा प्यायचो. दादा तिथल्या वेटरची हुबेहूब नक्कल करायचा आणि वहिनी लटक्या रागाने त्याला दटावायच्या. तसं पोट धरून मी पुन्हा कधी हसलो नाही. मग एक दिवस बादली उचलताना दादाचा मणका मोडला; कॅन्सर होऊन त्याने हाडं आतून पोखरली होती. वर्षभरात तो गेला.

गेल्या आठवड्यात माझाच रिपोर्ट आला. शंभरांत सव्वीस.

डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाची. म्हणाली, "काका, या बिघडलेल्या पेशी रक्तात जे प्रथिन सोडतात, तेही वाढलंय. अशा दहा जणांपैकी साधारण पाच जणांना दोन वर्षांत कॅन्सर होतो. आत्ताच इंजेक्शनं सुरू केली तर तो लांबवता येईल. आधी दर आठवड्याला, पुढे महिन्याला एक."

"थांबू या," मी म्हणालो. "मी ठणठणीत आहे. उगाच कशाला दुखणं अंगावर ओढवून घ्यायचं? दादा कसा मजेत राहिला, विचारा आमच्या वहिनींना."

वहिनींना मीच हट्टाने सोबत आणलं होतं, माझी बाजू घेतील म्हणून. त्या पर्स घट्ट धरून बसल्या होत्या.

"मजेत?" त्या म्हणाल्या. "भाऊजी, ती मजा तुमच्यासाठी होती. तो आकडा तुम्हीच काढलेला; तो तुमच्या जिवाला लागू नये म्हणून ते हसवायचे. घरी बुटाची नाडी बांधायला वाकतानाही घाबरायचे ते. दर तपासणीला तुम्ही रक्ताच्या नळ्या घेऊन आत गेलात की डॉक्टरांना एकच विचारायचे, 'आत्ताच काही करता येणार नाही का हो?' आणि डॉक्टर दर वेळी नाही म्हणायचे."

त्या माझ्याकडे वळल्या. "त्यांनी जे मागितलं ते तुम्हाला न मागता मिळतंय. आणि तुम्ही नको म्हणताय?"

मला रडूच कोसळलं. इतकी वर्षं जे दिवस मी उराशी जपले, त्या दिवसांत माझा दादा एकटाच भीत होता.

डॉक्टरने पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. मी डोळे पुसले.

"पहिलं इंजेक्शन कधी?" मी विचारलं.