मुलाखतीच्या आदल्या दिवशीचं पाणी

नदी तुम्ही मारली, साहेब, आणि वर तिच्या मढ्यावर नोकऱ्या काढल्या. शुद्धीकरण केंद्राला कुलूप, आणि जाहिरात मात्र पर्यावरण अभियंत्याची.

त्या एका जागेसाठी वैजयंती महिनाभर घोकायली होती. हीच शाखा शिकून घरी बसलेली पोर. किराणा दुकानात गिऱ्हाईक नसलं की तिचे वडील शिवाप्पा चष्मा चढवून साहेब व्हायचे, प्रश्न विचारायचे. आपल्या नदीचं विचारलं तर साहेबांच्या सहीच्या सरकारी अहवालात हाय तेच म्हणायचं, आंघोळीला योग्य, असं त्यांनी बजावलं होतं.

"आप्पा, अहवाल खोटा हाय."

"त्याहिला खरं कशाला पायजे, बाई? त्याहिला नोकर पायजे."

पाण्याचा नमुना कसा घेतात हे हमखास विचारतील, म्हणून रविवारी नदीला गावचा नाला मिळतो तिथं उतरून तिनं बाटली भरली. मंगळवारी मुलाखतीला जाता जाता परभणीच्या प्रयोगशाळेत द्यायची होती. फ्रिज नाही घरात. थंडाव्याला देवघराच्या कोनाड्यात ठेवली. सांगायचं तेवढं राहून गेलं.

सोमवारी लिंगपूजेला नदीचं पाणी, हा तिच्या आईचा, शिवम्माचा, लग्नापासूनचा नेम. गुडघे गेल्यापासून शिवाप्पाच वरच्या डोहातून आणून ठेवायचे. बाटलीतला गाळ रातोरात खाली बसलेला, वर पाणी नितळ. नवऱ्यानंच आणलंय असं समजून माउलीनं गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन न्हाऊ घातलं, डोळे मिटले आणि ओंजळभर तीर्थ पिऊन टाकलं.

सांजेला ती सरकारी दवाखान्यात सलाईनवर. उलट्या-जुलाबानं डोळे पार खोल गेलेले.

वैजयंती जायला तयार नव्हती. शिवाप्पा म्हणाले, "तू जा. बाटलीचं नाव काढू नगं. योग्य हाय म्हन अन् नोकरी घेऊन ये."

शिवम्मा खाटेवरून एवढंच पुटपुटली, "केस नीट बांधून जा, माय."

मुलाखतीला तीन साहेब. प्रत्येकापुढं बाटलीबंद पाणी. मधल्यानं हसून विचारलं, तुमच्याकडं नदीचं पाणी कसं आहे?

घोकलेलं उत्तर जिभेपर्यंत आलं आणि तिथंच अडलं. खरं बोललं की जागा गेली, हे तिला लख्ख ठाऊक होतं.

"आंघोळीला योग्य, असं तुमचा अहवाल म्हणतो, सर. माझी माय ते ओंजळभर प्यायली, सलाईनवर पडली हाय. अहवालावर सही तुमची. सही करायच्या आधी त्या पाण्यात तुमी बोट तरी बुडवलं होतं का? सांगा."