कागदावरचे चार किलोमीटर

बस डेपोत माझं काम वेळापत्रकं करण्याचं. कुठली बस कधी सुटणार, कधी पोचणार, ड्रायव्हर कुठे किती थांबणार, हे सगळं मी ठरवतो. तीस वर्षं झाली. डेपोत मला मिनिटराव म्हणतात, आणि तोंडावर म्हणतात. त्याचा राग येत नाही. राग येतो तो कुणी ‘साधारण सव्वाआठ’ म्हटलं की. सव्वाआठ साधारण कसे असतील?

माझी ताई टेकडीवरच्या वसाहतीत राहते, आमच्या सगळ्यात लांबच्या मार्गाच्या शेवटच्या थांब्याजवळ. दोन वर्षांपूर्वी तिच्या किडन्या कामातून गेल्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार ती पहाटे पावणेसहाच्या बसने शहरातल्या दवाखान्यात डायलिसिसला येते आणि दुपारच्या बसने परत जाते. माझ्याकडे राहायला ये म्हणून शंभरदा सांगून झालं. पण तिची सासू अंथरुणाला खिळलेली. शेजारीण दुपारपर्यंत लक्ष देते, त्यापुढे ताईशिवाय कोणी नाही. स्कूटरवर न्यावं, तर डायलिसिसनंतर तिला गरगरतं, मागे बसवतच नाही. बस आहे तर ताई आहे, इतकं सरळ.

मग सरकारने आमचा डेपो हिरवा करायला घेतला. छपरावर सोलर पॅनेल चढले, खिडक्यांना दुहेरी काचा बसल्या आणि माझ्या खोलीत आपोआप लागणारे दिवे आले. माणूस हलला की लागतात, हलला नाही की जातात. वेळापत्रक करणारा माणूस हलेल कशाला? दर दहा मिनिटांनी मी अंधारात हात वर करायचो. पण खोटं कशाला बोलू, इलेक्ट्रिक बस मला आवडल्या. डेपोच्या आवारात न ओरडता बोलता यायला लागलं. ताईला डिझेलच्या वासाने मळमळायचं. म्हटलं, चला, आता तिचा प्रवास तरी सुखाचा होईल.

नव्या मार्गांचा नकाशा घेऊन वरच्या कचेरीतली एक इंजिनीअर मुलगी आली. हुशार, गोड बोलणारी, मला काका म्हणणारी. तिने नकाशा माझ्या टेबलावर पसरला आणि मी सवयीने आधी टेकडीचा मार्ग शोधला. तो खालच्या फाट्यावरच संपत होता. फाट्यापासून वसाहत तीन किलोमीटर, सगळा चढ.

मी कारण विचारलं. ती म्हणाली, एका चार्जिंगवर बस एकशेसाठ किलोमीटर चालवायची, त्यापुढे नाही. दिवसाला चार फेऱ्या. जाऊन-येऊन सेहेचाळीस गुणिले चार म्हणजे एकशेचौऱ्याऐंशी. फाट्यापर्यंत चाळीस गुणिले चार, बरोबर एकशेसाठ. अंतरं कुठून घेतली, हे मी विचारलं नाही. मार्गांच्या अंतरांच्या रजिस्टरमधलं अक्षर माझंच होतं.

त्या मार्गाचं खरं अंतर एकोणीस किलोमीटर आहे. तेवीस मी लिहिलेत.

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा नियम होता की अंतरावरून वेळ द्यायचा आणि ड्रायव्हरला विश्रांती म्हणून एक मिनिटही वेगळं दाखवायचं नाही. वसाहतीत पोचायचं आणि उभ्या उभ्या वळायचं. एका ड्रायव्हरने लघवी दाबून दाबून दुखणं ओढवून घेतलं, तेव्हा मी चिडलो आणि जाताना चार, येताना चार असे किलोमीटर वाढवून लिहिले. चार किलोमीटरची दहा मिनिटं झाली. त्या दहा मिनिटांत माणसं पाठ टेकायची, मोकळी व्हायची. जुन्या गाड्यांचे किलोमीटरचे काटे कधीच बंद पडले होते, विचारतो कोण? उलट कमी डिझेलमध्ये जास्त किलोमीटर निघतात म्हणून डेपोला इंधनबचतीचं प्रशस्तिपत्रक मिळालं. मॅनेजरने ते फ्रेम करून लावलं.

मी त्या मुलीला सगळं सांगितलं. खऱ्या अंतराने चार फेऱ्यांचे एकशेबावन्न होतात, बस आरामात वसाहतीपर्यंत जाते, हेही मांडून दाखवलं. तिने दोनदा पडताळून पाहिलं.

“काका, मला पटतंय,” ती म्हणाली. “पण अंतर बदलायचं तर डेपोच्याच बसने मोजावं लागतं. आणि जो मार्ग मंजूर नाही, त्यावर इलेक्ट्रिक बस न्यायची परवानगी नाही.”

“मग जुन्या गाडीने मोजू.”

“शेवटची जुनी गाडी गेल्या महिन्यात भंगारात गेली. नवे मार्ग लागू होईपर्यंत तिकडे भाड्याची गाडी धावतेय, ती मोजणीला चालत नाही.”

तिला वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. त्यामुळे तिच्यावर ओरडताही येईना. मी मॅनेजरला लेखी कबुली दिली. तो म्हणाला, अकरा वर्षांच्या कागदांवर चाळीस ड्रायव्हरांच्या सह्या आहेत, सगळ्यांना गोवणार का? मी म्हटलं, लबाडी माझी एकट्याची, असं लिहा. त्याने तसं लिहून वर पाठवलं. महिन्याभराने एका ओळीचं उत्तर आलं: नोंद घेतली आहे, मार्गांचा फेरविचार दोन वर्षांनी होईल. मला साधी नोटीससुद्धा नाही. शिक्षा झाली असती तर निदान कुणीतरी वाचलं, असं तरी वाटलं असतं.

दोन वर्षं. मी दवाखान्यात जाऊन डॉक्टरांना भेटलो. मधला एखादा दिवस चुकला तर चालेल का, असं विचारलं. ते म्हणाले, तिच्या बाबतीत एकही नाही, चेष्टा समजू नका.

नवे मार्ग लागू होण्याआधीच्या रविवारी ताईकडे गेलो. ती सासूला कुशीवर वळवत होती. मी दुसऱ्या बाजूने हात लावला. मग खाली बसून अकरा वर्षांपूर्वीपासून सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर मी मान खाली घालून बसलो. मला वाटत होतं, तिने आता दोन शिव्या घालाव्यात. लहानपणी ती चांगल्या घालायची.

“ड्रायव्हरांना पाठ टेकायला मिळत होती ना?” ती म्हणाली. “मग बरंच केलंस. मी बघायचे, एकेक ड्रायव्हर बाहेर आमच्या ओट्यावर लवंडायचा.”

“ताई, तू दवाखान्यात कशी जाणार?”

“शेजारचा भाजी घेऊन बाजारात जातो सोमवारी आणि शुक्रवारी. त्याच्या टेम्पोत पुढे बसेन, आणेलही तोच. बुधवारचं काय एवढं? दोनदा गेलं तरी चालतं. मी विचारलंय डॉक्टरांना.”

तिने सासूच्या पाठीखाली चादर सारखी केली, एकेक सुरकुती काढत. माझ्याकडे पाहिलं नाही.

मी म्हटलं, “बरं झालं विचारलंस.”