बियाण्याच्या वेलाची परीक्षा

पिंपळे गुरवात पवनेच्या काठी सोपानरावांचा काकडीचा मळा होता. १९६९ सालच्या भाद्रपदात त्यावर केवडा रोग पडला. पानांवर प्रथम शिरांनी आखल्यासारखे पिवळे चौकोनी डाग उमटले. पहाटे पान उलटावे, तो खाली करड्या बुरशीची लव दिसे. नऊ दिवसांत चाळीस वेल करपले.

उरला एकच, बांधालगतचा. तो बियाण्याचा वेल. फळ पिकेपर्यंत त्याला कोणी हात लावायचा नाही, हा त्या घराचा नेम सोपानरावांच्या पत्नी शालनबाई श्रद्धेने पाळीत. मडक्यातले सारे बी यंदा पेरून झाले होते. पिढ्यांची ही काकडी टिकायची, तर या वेलावरच्या एकुलत्या फळातून. आणि ते पिकायला पंधरा दिवस होते.

बांधापलीकडे रहिमाबीचे दोडके होते. तिने सकाळीच हाक दिली.

"शालन, उपट ह्यो वेल बी. रोग माझ्या दोडक्यावर आला, तर पोराबाळांसकट तुझ्याच चुलीपुढं येऊन बसेन!"

"ह्याला काय झालंय गं? एक तरी डाग हाय का?"

"तू शिवत न्हाईस म्हणून वाचलाय. बाकीचे वेल रोज दवात वल्या हातानं कुरवाळत फिरलीस. रोग तूच नेलास की वेलावेलाला! ह्याच्या अंगात बळ हाय, का नुसताच सोवळ्यात ऱ्हायलाय, कुणाला ठावं?"

शालनबाईंनी आपले तळहात पाहिले.

कारखान्याच्या पहिल्या पाळीला निघालेले सोपानराव सायकल धरून उभे राहिले. "रहिमाबी खरं बोलती. एका पानाला रोग लावून बघ. लव धरली, तर म्या सोता वेल उपटणार. न्हाई धरली, तर ऱ्हाऊ दे."

दुसऱ्या पहाटे शालनबाईंनी करपल्या वेलावरचे लव धरलेले पान तोडले. देवाची क्षमा मागितली आणि नेम मोडून ते वेलाच्या एका ओल्या पानावर पालथे घासले. त्यानंतर त्यांना अन्न गोड लागेना. तो हिरवा वेल आपण आपल्या हाताने मारला, या विचाराने त्या झोपेतून दचकून उठत.

सहाव्या दिवशी त्या पानावर डाग उमटले.

शालनबाईंनी बांधापलीकडे हाक दिली. रहिमाबी बांध ओलांडून आली.

"उलट पान."

"माझ्यानं न्हाई व्हायचं. तूच बघ."

रहिमाबीने पान उलटले, उजेडाकडे धरले, बोटाने चाचपले. शालनबाईंनी डोळे मिटून घेतले.

"डोळं उघड, येडे. डाग तिळाएवढं, तपकिरी, वाळल्यालं. वेलानं तेवढीच जागा जाळली, रोगाला पुढं जाऊ दिलं न्हाई. खाली लव न्हाई बघ."

शालनबाईंनी पाहिले. पानाची खालची बाजू स्वच्छ होती. त्यांनी हात जोडले.

"पिकल्यावर चार बिया मला दे हां," रहिमाबी म्हणाली.

"आधी पिकू तर दे गं," शालनबाई पुटपुटल्या, आणि शेजारच्या पानाकडे भीत भीत पाहू लागल्या.